नवें हृदय आणि जुनीं हाडें

मनुष्याच्या शरीरांतील इंद्रियांत हृदयाला जेवढा मान मिळाला आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याहि इंद्रियाच्या वांट्यास आलेला नाहीं. प्रेम, धैर्य, दया, माया या सर्वांचें माहेर आपल्या भाषेनें हृदयांतच मानलें. हाडांची गोष्ट वेगळी. एखाद्याच्या सचोटीची खात्री पटली म्हणजे ‘हाडाचा शिक्षक’, ‘हाडाचा शेतकरी’ असें आपण म्हणतों, म्हणजे खरा टिकाऊपणा हाडांत असतो हें आपण मनोमन जाणतों. परंतु तें मोडेपर्यंत हाडाची आठवण सहसा कोणी काढीत नाहीं.

ज्या घरांत हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया होते, त्या घरांत तर सर्वांचें लक्ष छातीकडे खिळून राहतें. नाडी किती, रक्तदाब किती, शरीरानें नवें हृदय स्वीकारलें कीं नाहीं, याचीच विचारपूस रात्रंदिवस चालते. अशा वेळीं रुग्ण ‘पाठ दुखते’ म्हणाला, तर ‘फार दिवस पडून होतास, म्हणून दुखत असेल’ एवढ्यावर तो विषय संपतो. वस्तुतः तें दुखणें कित्येकदा पाठीचा मणका दबून मोडल्याचें असतें. हृदयारोपणानंतर हाडें झपाट्यानें ठिसूळ होतात, तीं बहुतांशीं पहिल्याच वर्षांत होतात, आणि वेळीं काळजी घेतल्यास हें पुष्कळ अंशीं टाळतां येतें. या तीन गोष्टी सुशिक्षित कुटुंबांत माहीत असणें अगत्याचें आहे.

हा प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वीं कोणास पडण्याचें कारण नव्हतें. दक्षिण आफ्रिकेंतील केपटाउन शहरीं डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं ३ डिसेंबर १९६७ रोजीं एका मनुष्याचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें. तो रुग्ण अठरा दिवस जगला. पुढें अडीच महिन्यांच्या आंतच, १६ फेब्रुवारी १९६८ रोजीं, मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. परंतु तो रुग्ण कांहीं तासांतच दगावला. जेथें आयुष्य दिवसांनीं आणि तासांनीं मोजावयाचें, तेथें हाडांची चिंता कोण करणार?

त्या काळीं शस्त्रवैद्यांचें कौशल्य उणें नव्हतें. उणें होतें तें औषध. शरीराची संरक्षक यंत्रणा परक्या हृदयास शत्रु समजते आणि त्यावर तुटून पडते. या हल्ल्यास आवर घालणारें सायक्लोस्पोरिन हें औषध नॉर्वेंतील एका पठाराच्या मातींत सांपडलेल्या बुरशीपासून मिळालें. त्याचा हा गुण १९७२ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें ध्यानांत आला व १९८३ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली. त्यानंतर हृदयारोपण हा केवळ धाडसाचा प्रयोग राहिला नाहीं. आपल्याकडे १९९४ सालीं मानवी अवयवांच्या प्रत्यारोपणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीं ३ ऑगस्ट रोजीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. वेणुगोपाल यांनीं देशांतील पहिलें यशस्वी हृदयारोपण केलें. बरोबर एकवीस वर्षांनीं, ३ ऑगस्ट २०१५ रोजीं, पुण्याच्या जहांगीर रुग्णालयांतून निघालेलें एक दान केलेलें हृदय विमानानें मुंबईस गेलें आणि मुलुंड येथें एका तरुणाच्या छातींत धडधडूं लागलें. आज खुद्द पुण्यांतहि या शस्त्रक्रिया होतात. जगांतील अनुभव असा, कीं निम्म्याहून अधिक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांपेक्षां अधिक काळ जगतात. आयुष्य असें लांबल्यामुळेंच तें सरळ कण्यानें जगतां येईल काय, हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

या प्रश्नाचें उत्तर समजण्यासाठीं हाड म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. वाळलेलें हाड हातांत घेतलें तर तें दगडासारखें निर्जीव भासतें. जिवंत शरीरांतील हाड तसें नसतें. पुण्यांतील एखादा जुना वाडा जो टिकला, तो एकदा बांधून सोडून दिल्यानें टिकला नाहीं. पावसाळ्यापूर्वीं कुठें कुजलेला वासा काढला, कुठें चुन्याचा गिलावा नवा केला, अशी डागडुजी सतत चालली म्हणून तो उभा राहिला. हाडांतहि असेच दोन प्रकारचे कामकरी असतात. एका प्रकारच्या पेशी जुनें, झिजलेलें हाड पोखरून काढतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी तो खळगा नव्या हाडानें भरून काढतात. प्रौढ मनुष्याच्या सांगाड्याचा सुमारें दहावा हिस्सा याप्रमाणें दरसाल नवा होतो. पोखरणारे आणि भरणारे यांचा मेळ बसला आहे तोंवर हाड मजबूत असतें. पोखरणें अधिक आणि भरणें उणें झालें, कीं आंतील जाळी विरळ होते, भिंती पातळ होतात आणि थोड्याशा भारानें हाड मोडतें. यासच डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात.

हाड हें शरीराचें कोठारहि आहे. प्रौढ माणसाच्या अंगांत सुमारें एक किलो कॅल्शियम असतें. त्यापैकीं शंभरांत नव्याण्णव भाग हाडांत आणि दांतांत सांठविलेले असतात. उरलेला एक भाग रक्तांत आणि स्नायूंत असतो. परंतु हृदयाचा प्रत्येक ठोका त्यावर अवलंबून असतो. आहारांतून पुरेसें कॅल्शियम आलें नाहीं, तर गळ्यांतील चार चिमुकल्या ग्रंथि एक रस सोडतात व हाडांतील सांठा काढून रक्तांत आणतात. शरीर हाड झिजवील, पण रक्तांतील प्रमाण ढळूं देणार नाहीं. म्हणजे हृदय हें जन्मापासूनच हाडांचें ऋणको आहे. हृदयारोपणाच्या रुग्णांत या कर्जाचा बोजा एकाएकीं वाढतो, इतकेंच.

तो बोजा शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधींपासून चढत असतो. ज्याचें हृदय निकामी होत आलें आहे, असा मनुष्य कित्येक महिने घराबाहेर पडत नाहीं. चालणें थांबतें, हाडांवर भार पडत नाहीं, आणि भार नसलेलें हाड शरीर ठेवीत नाहीं. उन्हाशीं गांठ पडत नाहीं, म्हणून ड जीवनसत्त्व घटतें. अन्नावरील वासना उडते. पायांवरची आणि फुप्फुसांतील सूज ओसरावी म्हणून लघवी साफ करणाऱ्या ज्या गोळ्या दिल्या जातात, त्यांतील कित्येक गोळ्यांबरोबर कॅल्शियमहि लघवीवाटे निघून जातें. या सर्वांचा परिणाम असा होतो, कीं पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर जातात तेच मुळीं उण्या हाडांनिशीं.

शस्त्रक्रियेनंतर नव्या हृदयाचें रक्षण करण्यासाठीं जीं औषधें सुरू होतात, त्यांत स्टेरॉइड वर्गांतील प्रेडनिसोलोन हें प्रमुख असतें. या वर्गांतील कोर्टिझोन हें औषध १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं संधिवाताच्या रुग्णास प्रथम दिलें. अंथरुणास खिळलेली माणसें चालूं लागलीं, आणि १९५० सालीं त्या शोधास नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु अशा रसाचा अतिरेक हाडांस मानवत नाहीं, हें त्याच्याहि आधीं, १९३२ सालीं, हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्यानें दाखविलें होतें. ज्यांच्या शरीरांतच हा रस प्रमाणाबाहेर तयार होई, अशा रुग्णांचे मणके ठिसूळ होत असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे.

स्टेरॉइड हाडांवर चोहोंकडून घाला घालतें. हाड भरून काढणाऱ्या पेशी तें कमी करतें व उरलेल्यांस मंद करतें. पोखरणाऱ्यांचें आयुष्य मात्र आरंभीं वाढवितें. आंतड्यांतून होणारें कॅल्शियमचें शोषण तें घटवितें आणि लघवीवाटे होणारी त्याची गळती वाढवितें. पुरुषांत आणि स्त्रियांत हाडांस जपणारे जे नैसर्गिक रस असतात, तेहि त्यामुळें उणावतात. शिवाय मांड्यांचे स्नायु दुबळे होतात, म्हणून तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. सायक्लोस्पोरिन आणि त्याच्याच जातीचें टॅक्रोलिमस हीं औषधें हाडांची उलथापालथ वाढवितात असें मानलें जातें. आणि दीर्घकाळांत तीं मूत्रपिंडांस त्रास देतात. ड जीवनसत्त्वास शेवटचा संस्कार मूत्रपिंडांतच होत असल्यामुळें तीं थकलीं म्हणजे त्याचाहि भार अखेर हाडांवरच पडतो.

स्टेरॉइडची मात्रा आरंभीं मोठी असते आणि पुढें महिन्यामहिन्यानें उतरविली जाते. म्हणून हाडांची झीज सर्वांत वेगानें होते ती पहिल्या सहा ते बारा महिन्यांत. मणक्यांच्या आंत मधाच्या पोळ्यासारखी नाजूक जाळी असते; झीज प्रथम तेथें पोंचते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डॉ. एलिझाबेथ शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व चालू असतांहि, पहिल्या वर्षांतच तिघांपैकीं एकाहून थोड्या अधिक रुग्णांचीं हाडें मोडलेलीं आढळलीं. तेव्हांपासून स्टेरॉइडची मात्रा पुष्कळ ठिकाणीं कमी झाली आहे व प्रमाणहि घटलें आहे. परंतु धोका नाहींसा झालेला नाहीं.

यांतील कपटाची बाजू ही, कीं मणका मोडतो तेव्हां पुष्कळदा आवाज होत नाहीं, पडणेंझडणें होत नाहीं, कधीं कधीं दुखतहि नाहीं. बादली उचलतांना, खोकतांना, अंथरुणांत कुशीवर वळतांना मणका पुढच्या बाजूनें दबतो. रुग्णास वाटतें, उसण भरली. घरचे लेप लावतात, शेक देतात. चार आठवड्यांनीं दुखणें ओसरतें. परंतु मणका पूर्ववत् होत नाहीं. असे दोन-तीन मणके दबले, कीं पाठीस पोंक येतो, उंची इंच-दीड इंच कमी होते, बरगड्या पोटावर टेकूं लागतात आणि श्वासास जागा उरत नाहीं. ज्या श्वासासाठीं एवढा खटाटोप केला, तोच अपुरा पडावा, यापरतें दैवदुर्विलसित कोणतें? म्हणून हृदयारोपण झालेल्या मनुष्याची पाठ एकाएकीं दुखूं लागली, तर तें डॉक्टरांच्या कानावर त्याच आठवड्यांत घातलें पाहिजे. तसेंच जांघेंत किंवा खुब्यांत दुखून लंगडण्याची पाळी आली, तर तेंहि लपवूं नये. स्टेरॉइडमुळें मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचण्याचा संभव असतो, आणि तें दुखणें वेळेवर ओळखल्यास उपाय सोपे असतात.

हाडांची घनता मोजण्याची सोय आज पुण्यासारख्या शहरांत दुर्मिळ नाहीं. डेक्सा नांवाच्या यंत्राखालीं कांहीं मिनिटें स्वस्थ पडून राहिलें, कीं कण्याची आणि खुब्याची घनता आंकड्यांत कळते. टोंचणें नाहीं, भूल नाहीं. क्ष-किरणांची मात्राहि अल्प. निरोगी तरुण माणसाच्या घनतेशीं तुलना करून हा आंकडा देतात. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं ठरविलेल्या मापाप्रमाणें तो उणे अडीच किंवा त्याहून खालीं असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजावा. ही तपासणी शस्त्रक्रियेनंतर नव्हे, तर हृदयासाठीं प्रतीक्षायादींत नांव घालतांनाच व्हावी, आणि तिच्या जोडीस कण्याचें क्ष-किरण चित्र, ड जीवनसत्त्वाची व कॅल्शियमची रक्ततपासणी हीहि व्हावी. योग्य हृदय मिळेपर्यंत कधीं कधीं पुष्कळ महिने जातात. ते केवळ वाट पाहण्यांत घालविण्यापेक्षां त्या अवधींत हाडांचें कोठार भरून घ्यावें, हें शहाणपणाचें.

औषधांचा गुण कितपत येतो, याची मोजदादहि झालेली आहे. वर उल्लेखिलेल्या डॉ. शेन यांनींच २००४ सालीं एकशें एकोणपन्नास रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. हृदयारोपणानंतर लवकरच कांहींना ॲलेंड्रोनेट हें हाडांची झीज रोखणारें औषध दिलें, तर कांहींना कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचें तयार रूप. वर्षाअखेर दोन्ही गटांत खुब्याच्या मानेची झीज शेंकडा दोनच्या आसपास राहिली. असें औषध न घेतलेल्या जोडीच्या रुग्णांत मात्र ती शेंकडा सहाहून अधिक भरली. कण्याच्या बाबतींतहि औषध घेणाऱ्यांचीच सरशी झाली.

या औषधांचे कांहीं कडक नियम आहेत आणि ते न पाळल्यास औषध फुकट जातें, किंबहुना अपाय करतें. ॲलेंड्रोनेटची गोळी सकाळीं उपाशीं पोटीं, पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यावयाची असते. चहा किंवा दूध यांच्याबरोबर नव्हे. त्यानंतर निदान अर्धा तास आडवें व्हावयाचें नाहीं व कांहीं खावयाचें नाहीं. कॅल्शियमची गोळी तिच्या बरोबर घेऊं नये. तिची वेळ निराळी ठेवावी. ज्यांस गोळी सोसत नाहीं, त्यांस वर्षांतून एकदां शिरेवाटे देण्याचें झोलेड्रॉनिक ॲसिड हें त्याच जातीचें औषध आहे. मूत्रपिंडें फार दुबळीं असल्यास हीं औषधें वर्ज्य ठरूं शकतात. दांत काढावयाचे असतील तर ते उपचारापूर्वीं काढून घ्यावे. कारण या औषधांनंतर जबड्याची जखम क्वचित् बरी होत नाहीं. कॅल्सिट्रिऑल घेणाऱ्यानें रक्तांतील कॅल्शियम वरचेवर तपासलें पाहिजे. यांतील कोणतें औषध कोणास द्यावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार अर्थातच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा.

आतां आहाराविषयीं. दिवसाकाठीं अन्न आणि गोळ्या मिळून १००० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटांत जावें, असा या रुग्णांसाठीं आंतरराष्ट्रीय दंडक आहे. महाराष्ट्रीय स्वयंपाकघरास हें अवघड नाहीं. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठांत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. गव्हांत त्याच्या दहावा हिस्साहि क्वचित् भरतो. म्हणजे पोळीच्या जागीं नाचणीची भाकरी किंवा सकाळीं आंबील एवढ्या फेरानेंच बरेंच काम होतें. पेलाभर दूध अथवा दही घेतल्यास दोन-अडीचशें मिलिग्रॅमची भर पडते. तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, राजगिरा यांचीहि गणना यांतच होते. दूध मात्र चांगलें उकळून घ्यावें. संरक्षक शक्ति औषधांनीं दाबून ठेविलेली असल्यामुळें कच्च्या दुधांतील जंतु या रुग्णास भारी पडतात. लोणचीं-पापडांवर हात आंखडता ठेवावा. अति मीठ हृदयास वाईट आहेच, परंतु त्याच्याबरोबर लघवीवाटे कॅल्शियमहि जातें. डाळी, उसळी, दूध, अंडीं यांतील प्रथिनेंहि पुरेशीं हवींत, कारण हाडाची जाळी विणली जाते ती प्रथिनांचीच. उपासतापास या वर्षांत बाजूस ठेवावे.

अन्नाचा हाडांशीं संबंध किती खोल आहे, याचा पुरावा पुण्याच्या परिसरांतच मिळालेला आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं पुण्याजवळच्या सहा गांवांतील मातांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. पुढें त्या मातांचीं मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर त्यांचीं हाडें मोजलीं. गरोदरपणीं ज्या मातांच्या ताटांत कॅल्शियमयुक्त पदार्थ वरचेवर येत होते, त्यांच्या मुलांचीं हाडें अधिक भरीव आढळलीं. जें हाड आईच्या उदरांत असल्यापासून अन्नाचा हिशेब ठेवतें, तें पन्नाशींतील आजारपणांत तो विसरेल असें कसें मानावें?

कॅल्शियम पोटांत गेलें तरी ड जीवनसत्त्वावांचून तें अंगीं लागत नाहीं. हें जीवनसत्त्व त्वचेवर ऊन पडल्यानें तयार होतें. आणि पुण्यास उन्हाचा तोटा नाहीं. तरीसुद्धां शहरांतील माणसांत त्याची वाण मोठ्या प्रमाणावर आढळते, कारण दिवस छपराखालीं जातो आणि बाहेर पडावयाचें तें अंग झांकून. मग रुग्णास उन्हांत बसवावें काय? येथें एक सावधगिरी आहे. संरक्षक शक्ति दाबणाऱ्या औषधांमुळें त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गोऱ्या वर्णाच्या लोकांत तो फार, आपल्याकडे कमी, तरी शून्य नव्हे. सबब भर दुपारच्या उन्हावर भिस्त ठेवण्यापेक्षां डॉक्टरांनीं सांगितलेल्या मात्रेंत ड जीवनसत्त्व औषधरूपानें घेणें बरें. साठ हजार युनिटांची पुडी किंवा गोळी सर्वत्र मिळते, म्हणून ती रोज घेणारेहि आढळतात. तें घातक आहे. हें जीवनसत्त्व अंगांत सांठत जातें आणि अतिरेकानें मूत्रपिंडें बिघडतात.

औषध आणि अन्न यांच्या जोडीस तिसरा उपाय म्हणजे चालणें आणि भार पेलणें. अमेरिकेंतील फ्लोरिडा विद्यापीठांत १९९६ सालीं थोड्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. हृदयारोपणानंतर दोन महिन्यांनीं कांहीं रुग्णांस पाठीच्या व इतर स्नायूंचा बेताबेतानें वजनाचा व्यायाम सुरू करून दिला. सहा महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता जवळजवळ पूर्वपदावर आली. केवळ चालणाऱ्यांची आली नाहीं. आपल्याकडे रुग्णास ‘हलूं नकोस, हृदय नवें आहे’ असें सांगण्यांत माया असते, पण त्या मायेनें हाड झिजतें. अर्थात् नव्या हृदयाचा एक स्वभाव ध्यानांत ठेवावा. शस्त्रक्रियेंत त्याच्या नसा तुटलेल्या असतात, म्हणून चालावयास लागतांच त्याचे ठोके वाढत नाहींत. रक्तांतील रसांचा निरोप पोंचेपर्यंत कांहीं मिनिटें जातात. सबब आरंभ सावकाश, शेवटहि सावकाश. शस्त्रक्रियेच्या पहिल्या महिन्यांत अंगणांत, मग सारसबागेसारख्या सपाट जागीं, आणि डॉक्टरांनीं संमति दिल्यावर पुढें पर्वतीच्या पायऱ्या, असा क्रम असावा.

मणके ठिसूळ झालेल्यांनीं कमरेंतून वांकून ओझें उचलणें आणि पुढें झुकण्याचे व्यायाम टाळावेत. सूर्यनमस्कार हा उत्तम व्यायाम खरा, परंतु या अवस्थेंत तो जाणत्याच्या सल्ल्यावांचून करूं नये. घरांतहि थोडी व्यवस्था करावी लागते. पाण्याची भरलेली बादली, गॅसची टाकी, गादीची वळकटी यांस रुग्णानें हात लावूं नये. न्हाणीघरांतील ओली फरशी, दारांतील सुटें पायपुसणें, रात्रीचा अंधार हे हाडांचे खरे वैरी आहेत. न्हाणींत एक दांडा बसविणें आणि रात्रीं लहानसा दिवा तेवत ठेवणें यास फारसा खर्च येत नाहीं. मोडलेल्या खुब्यास किती येतो, हें ज्या घरांनीं अनुभविलें त्यांस सांगावयास नको. तंबाखू आणि मद्य हीं तर हृदय व हाड दोहोंचींहि शत्रु आहेत.

हें सर्व ऐकून एखाद्या श्रोत्याच्या मनांत येईल, कीं एवढे दोष ज्या औषधाचे, तें स्टेरॉइड बंदच कां करूं नये? असा विचार पुष्कळ घरांत डोकावतो आणि शेजारीपाजारीहि तसें सुचवितात. यासारखी घातक चूक दुसरी नाहीं. ही औषधें आपल्या मनानें थांबविलीं, तर शरीर दान मिळालेल्या हृदयावर हल्ला करतें, आणि तो हल्ला थोपविण्यासाठीं पुन्हां स्टेरॉइडच मोठ्या मात्रेंत द्यावें लागतें. म्हणजे हृदयहि धोक्यांत आणि हाडहि. स्टेरॉइड उतरविण्याचा विचार डॉक्टर स्वतःच करीत असतात. कित्येक रुग्णांत तें फार कमी करतांहि येतें. तसेंच हाडें जुळविणारीं म्हणून मिळणारीं चूर्णें आणि काढे डॉक्टरांस विचारल्याशिवाय घेऊं नयेत. कांहीं वनस्पति रक्तांतील औषधाचें प्रमाण बिघडवितात. औषध तर राहोच, गणपतीच्या दिवसांत घरोघरीं येणारें पपनस हें साधें फळहि टॅक्रोलिमसचें रक्तांतील प्रमाण वाढवूं शकतें.

तात्पर्य, हृदयारोपणाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबानें आपल्या वहींत नाडीच्या आणि रक्तदाबाच्या रकान्यांशेजारीं आणखी चार रकाने आंखावे. शस्त्रक्रियेपूर्वीं आणि नंतर दरसाल हाडांची घनता किती. दर तीन महिन्यांनीं भिंतीशीं उभें करून मोजलेली उंची किती. रोजच्या ताटांत दूध-नाचणी आली कीं नाहीं. आणि आज किती चालणें झालें. उंची कमी भरली किंवा पाठ नव्यानें दुखली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावें. या कामास पैसा थोडा लागतो, चिकाटी मात्र लागते, आणि ती पहिल्या वर्षांत लागते. एका अनोळखी कुटुंबानें आपल्या दुःखाच्या घटकेस जें हृदय दिलें, तें ज्या देहांत नांदावयाचें, तो देह ताठ उभा ठेवणें हें घेणाऱ्याचें कर्तव्य आहे; आणि तें पार पाडण्याचीं साधनें आज आपल्या हातीं आहेत.